जवारीचा कान

दिल्याने जी वस्तू देणाऱ्याकडे उणी होत नाही, ती जो देत नाही त्याला कृपण म्हणावे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु त्याने ती लोभापायी नव्हे, तर वडिलांना दिलेल्या शब्दापायी राखली असेल तर? ज्याला ती हवी आहे तो परका नसून पाठचा भाऊ असेल, आणि त्या एकाला देणे म्हणजे साऱ्या जगाला देणे असा त्या दानाचाच नियम असेल, तर? अशा ठिकाणी धर्म दोन्ही बाजूंनी हाक मारतो आणि मनुष्याला वळता येते एकाच बाजूला. मिरजेतील शमशुद्दीन बारगीर यांच्यावर हा प्रसंग आला, तो त्यांच्या कानात बसवलेल्या एका इवल्याशा यंत्रामुळे.

ज्या काळाची ही कथा आहे तो अजून यायचा आहे. पण त्याची पावले उंबऱ्यापाशी येऊन ठेपली आहेत.

शमशुद्दीन तंबोरे घडवीत. त्यांच्या घराण्याची ख्याती होती ती जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या पातळ फळीवर, एक लहानशी घोडी असते. चारही तारा तिच्या पाठीवरून जातात. ती पाठ सपाट दिसते, पण सपाट नसते. कारागीर कानसेने घासून तिला असा सूक्ष्म बाक देतो, की थरथरणारी तार तिच्यापासून सुटता सुटता तिला पुनःपुन्हा शिवत राहते. त्या शिवण्यातून एका स्वराच्या पोटी अनेक स्वर उमलतात आणि तंबोरा बोलू लागतो. हीच जवारी. बाक केसभर चुकला तर वाद्य मुके तरी होते किंवा कर्कश तरी. ही विद्या हातात असते असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः ती कानात असते. हात केवळ कानाची आज्ञा पाळतो.

शमशुद्दीन यांचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी थोरल्याकडून शब्द घेतला होता, की जवारी घराबाहेर जाणार नाही, आणि घरातही ती ज्येष्ठाच्याच हाती राहील. धाकट्या कमरुद्दीन यांच्या वाट्याला भोपळा, दांडी आणि तबली आली होती. वडील गेल्यावर कमरुद्दीन यांनी एकदा सरळ शब्दांत मागणी केली: मलाही जवारी शिकवा. शमशुद्दीन यांनी वडिलांच्या शब्दाकडे बोट दाखवले. कमरुद्दीन यांनी आपली हत्यारे उचलली आणि त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दुकान थाटले. तेथे त्यांनी स्वतःच धडपडून जवारी साधली. बरी साधली, पण लोक ती दुय्यमच मानीत. ईदला दोघे गळाभेट घेत, आणि पुढल्या ईदपर्यंत समोरून येताना दिसले तर दोघांनाही गल्लीतल्या पाट्या वाचायचा छंद जडे.

शमशुद्दीन सत्तरीकडे झुकले तेव्हा कान दगा देऊ लागले. आपल्या कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार नळीत केसांहून सूक्ष्म तंतू असतात. प्रत्येक तंतू विशिष्ट उंचीच्या स्वराला हलतो. उंच स्वरांचे तंतू आधी झिजतात, आणि जन्मभर कानसेची करकर ऐकणाऱ्याचे तर लवकरच. शमशुद्दीन यांची मुलगी तहसीन शहरातल्या एका इस्पितळात कान तपासण्याचे काम करी. तिने वडिलांना एका परदेशी कंपनीची उत्तम समजली जाणारी यंत्रे आणून दिली. बोलणे स्वच्छ ऐकू येऊ लागले. घरातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच सुमारास धारवाडच्या एका ज्येष्ठ गायिकेचा तंबोरा जवारीसाठी आला. शमशुद्दीन यांनी तार छेडली. आवाज उमलला आणि पुरता उमलण्याआधीच ओसरला. तारेला दम नाही असे वाटून त्यांनी घोडीवर कानस फिरवली. पुन्हा तेच. पुन्हा कानस. जवारी न जाणणारा मनुष्य ही चूक करूच शकला नसता. त्याने तार बदलून पाहिली असती आणि हात टेकले असते. जाणणारा मात्र आपल्या कानावर विसंबून एक निर्दोष घोडी झिजवीत राहिला.

तंबोरा धारवाडहून परत आला. सोबत निरोप होता की स्वर चिरकतो आहे. या वेळी हात दुसऱ्या कोणाचा लागला काय, असेही बाईंनी विचारले होते. शमशुद्दीन दोन दिवस तीच घोडी उलटसुलट करून पाहत राहिले. शेवटी पत्नी जैबुन्निसा म्हणाल्या, “माझं बोलणं आता तुम्हांला ऐकू येतं, हे खरं आहे. पण ते ऐकायला धारवाडहून कुणी मिरजेला येत नाही. कानाचं बघा काहीतरी.”

तहसीनने बघितले. वडिलांना बसवून तिने तंबोरा छेडला आणि यंत्रातून प्रत्यक्ष काय बाहेर पडते ते दुसऱ्या उपकरणाने मोजले. गोष्ट उघड झाली. हे यंत्र ध्वनी नुसता मोठा करीत नव्हते. बोलणे कोणते आणि गोंगाट कोणता, याचा निवाडाही तेच करी. जे क्षणोक्षणी बदलते ते बोलणे. जे न बदलता टिकून राहते ते पंख्याचे किंवा मोटारीचे घोंगावणे. म्हणून जे टिकते ते दाबायचे. तंबोऱ्याचा तर धर्मच टिकण्याचा. यंत्र त्याला पंखा समजून गप्प बसवीत होते, आणि शमशुद्दीन त्या गप्प बसवण्यावर कानस चालवीत होते.

तहसीनने कंपनीला लिहिले, की हे दाबणे थांबवता येईल काय? हा निवाडा यंत्रात होतच नसे; तो कंपनीच्या दूरच्या संगणकांवर होई, आणि त्याचे नियम कोणाला दाखवले जात नसत. ही सोय उपलब्ध नाही, एवढे सभ्य उत्तर आले.

तेव्हा तहसीनने दुसरा मार्ग धरला. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली एक प्रणाली होती; मराठी मंडळींनी तिला मुक्तश्रवण असे नाव दिले होते. तिची सारी सूत्रे, म्हणजे यंत्राने काय करावे याच्या लेखी आज्ञा, कोणालाही वाचता येत, बदलता येत आणि आपल्या घरच्या संगणकावर चालवता येत. तहसीनने पुस्तकाएवढी एक पेटी आणून कारखान्यातल्या फळीवर, वाळत ठेवलेल्या भोपळ्यांच्या रांगेत ठेवली. आता कानातल्या यंत्रात आलेला ध्वनी सातासमुद्रांपार न जाता त्या फळीपर्यंत जाई आणि तेथूनच परत येई.

शमशुद्दीन यांना या पेटीचे मोठे कुतूहल वाटले. लपवलेल्या विद्येत त्यांचा जन्म गेला होता. जी विद्या स्वतःच आपले पोट उघडून दाखवते ती कशी असेल, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी मुलीला म्हटले, की गोंगाटाचा निवाडा जिथे लिहिला आहे ती आज्ञा मला वाचून दाखव. तहसीनने ती शोधली आणि मराठीत सांगितली: जो ध्वनी अमुक काळ बदलत नाही, तो निरुपयोगी समजून हळूहळू खाली आणावा.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले. तिने वाचले. “निरुपयोगी?”

“तसंच लिहिलंय, अब्बा.”

शमशुद्दीन हसू लागले, आणि बराच वेळ हसत राहिले. “लिहिणाऱ्याचा दोष नाही,” ते म्हणाले. “त्याच्या घरी पंखा असेल. तंबोरा नसेल.”

तहसीनने त्या लोकांच्या इंटरनेटवरील सामाईक फळ्यावर ही अडचण मांडली, तंबोऱ्याचा आवाजही जोडला. थोड्याच दिवसांत एस्टोनिया देशातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे उत्तर आले. तिच्या गावातही एकच सूर अखंड धरून ठेवणारे पिशवीचे वाद्य होते, आणि तिचाही ऐकण्याचा आनंद असाच हरपला होता. तिने तंबोऱ्याचा ध्वनी तपासून लिहिले, की पंख्याचा ध्वनी वरूनही स्थिर असतो आणि आतूनही. या वाद्याचा मात्र वरून स्थिर आणि आतून चंचल आहे, त्याच्या पोटातले उंच स्वर एकामागून एक वर येतात आणि मावळतात. तेव्हा यंत्राने ध्वनीच्या आत डोकावून मगच निवाडा करावा. तशी सुधारलेली आज्ञाही तिने लिहून पाठवली. कोणी सांगितले नव्हते, काही मागितले नव्हते.

नवी आज्ञा पेटीत उतरवली, तहसीनने तार छेडली, आणि शमशुद्दीन यांनी डोळे मिटून घेतले. स्वर आला, उमलला आणि राहिला.

यानंतर जे घडले ते कोणाच्या मनात नव्हते. या प्रणालीला शिकण्याची शक्ती होती. तिचा धनी कोणत्या ध्वनीपाशी थांबतो, कोणत्या ध्वनीवर नाराज होतो, हे पाहून ती आपले गाळणे बदलीत जाई. कारखान्यात ती दिवसभर ऐके: कानसेचा एक फेर, मग तारेचा आवाज, मग पुन्हा फेर. आणि एखाद्या आवाजानंतर कानस खाली ठेवली जाई. हात थांबला तो आवाज बरोबर, हात पुन्हा चालला तो चूक, एवढे साधे तर्कशास्त्र तिने अनेक महिने गिरवले. हळूहळू शमशुद्दीन यांना असे जाणवू लागले, की घोडीवर जिथे दोष आहे तो स्वरच कानात पुढे येऊन उभा राहतो. तरुणपणी जे ऐकायला त्यांना मान तिरपी करून श्वास रोखावा लागे, ते आता आपोआप ऐकू येई. धारवाडच्या गायिकेला त्यांनी नवी घोडी बसवून दिली. बाईंचा निरोप आला, की आता तंबोरा जवळ ठेवून निजते.

तहसीन एकदा म्हणाली, “अब्बा, पेटीत आता नुसतं यंत्र नाही. तुमचा कान आहे. दुसऱ्याच्या पेटीत उतरवला तर त्यालाही असंच ऐकू येईल.”

शमशुद्दीन यांनी फळीकडे पाहिले. त्या दिवसापासून ते पेटीवर एक रुमाल घालून ठेवू लागले.

पावसाळा सरल्यावर एके सकाळी कमरुद्दीन दारात उभे राहिले. हातात एक तंबोरा होता. थोरल्या भावाच्या उंबऱ्यावर ते कित्येक वर्षांनी आले होते. जैबुन्निसांनी या म्हटले, चहा ठेवते म्हटले. ते जोराने म्हणाले, की हो भाभी, पाऊस यंदा बराच झाला. जैबुन्निसांनी नवऱ्याकडे पाहिले. शमशुद्दीन यांना सर्व काही कळले. कानस दोघांच्याही हातात सारखीच वर्षे होती.

बोलता बोलता, खरे तर ओरडता ओरडता, कमरुद्दीन यांनी सांगितले की गेल्या वर्षभरात त्यांचे तंबोरे परत येत आहेत. यंत्रे त्यांनीही घेतली होती; त्याच कंपनीची. पण त्यांत तंबोरा मुका वाटे, म्हणून ती त्यांनी काढूनच ठेवली होती. भाईजानचा कान परत आला असे गल्लीत ऐकले, म्हणजे कोणीतरी तीनदा सांगितले तेव्हा ऐकले, म्हणून आलो. एवढ्यावर ते थांबले. मागणे त्यांनी एकदा केले होते. दुसऱ्यांदा करणार नव्हते.

शमशुद्दीन यांनी आपल्या कानांतली यंत्रे काढली, सदऱ्याच्या टोकाला पुसली आणि भावाच्या कानांत बसवली. मग कमरुद्दीन यांनीच आणलेला तंबोरा मांडीवर घेऊन ते खर्जाची तार छेडीत राहिले. त्यांना स्वतःला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. ते भावाचा चेहरा पाहत होते. आधी तो गोंधळला, मग स्थिर झाला. खर्जाच्या पोटातून एक गांधार आपोआप उमटतो. कोणी तो वाजवीत नाही, पण वाद्य खरे असेल तर तो येतो.

“गांधार आला, भाईजान,” कमरुद्दीन म्हणाले. त्यांचा आवाज एकाएकी हळू झाला होता, कारण तो आता त्यांना ऐकू येत होता. पुन्हा एकदा तार छेडल्यावर ते पुढे झुकले आणि घोडीच्या एका कडेवर त्यांनी नख टेकवले. “इथं. इथं कानस लागायला पाहिजे. दिसतंय मला.”

नख अचूक पडले होते. वडिलांनी ज्येष्ठाच्या हाती राखलेली विद्या धाकट्याच्या कानात शिरली होती, आणि ते त्या दोघांच्याही ध्यानात आले. शमशुद्दीन यांना भावाचे शब्द ऐकू आले नाहीत, पण बोट दिसले. कमरुद्दीन यांनी थोडा वेळ तसेच ऐकले; मग आपण होऊन यंत्रे काढली, पुसली, थोरल्याच्या तळहातावर ठेवली, आणि चहा न घेता निघून गेले. तंबोरा तेथेच राहिला.

त्या संध्याकाळी शमशुद्दीन यांनी मुलीला विचारले, की हा कान काकासाठी दुसऱ्या पेटीत घालता येईल काय? तहसीन म्हणाली, येईल. काकांच्या ऐकण्यातली उणीव वेगळी आहे, ती आधी मोजून भरून काढावी लागेल. वर हा थर चढवता येईल. मग शमशुद्दीन मुद्द्यावर आले. काकाकडून शपथ घ्यायची, की त्याने तो पुढे कोणाला द्यायचा नाही.

“ते होणार नाही, अब्बा.”

मग तिने त्यांना त्या प्रणालीचा करार समजावला. स्वतःपुरते वापरा, हवे तसे बदला, कोणी काही विचारणार नाही. पण तुम्ही बदललेली वस्तू दुसऱ्या एकालाही दिलीत, तर तिच्यासोबत सूत्रेही द्यावी लागतात आणि तुम्हांला मिळालेले सगळे स्वातंत्र्यही त्याला द्यावे लागते: वाचण्याचे, बदलण्याचे, वाटण्याचे.

“शपथ घालायची नाही, हीच एक शपथ आहे,” ती म्हणाली. “त्या शिक्षिकेनं तुम्हांला घातली नाही. तुम्हांला काकांना घालता येणार नाही.”

“म्हणजे एकाला दिलं की सगळ्यांना दिलं.”

“काकांनी ठरवलं तर. हक्क त्यांचा.”

“आणि न दिलं तर?”

“तर काही नाही. कान तुमचा, पेटी तुमची. कराराचा भंग होत नाही.”

शमशुद्दीन यांना हे उत्तर सर्वांत जड गेले. कोणी बळजबरी केली असती तर तिला विरोध करता आला असता.

गल्लीत गोष्टी भिंतीतून जातात. दुसऱ्या दिवशी तंतुवाद्य कारागिरांच्या मंडळाचे प्रमुख मौलालीसाहेब येऊन बसले. ते भांडकुदळ नव्हते आणि मूर्खही नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितले, की आज कमरूला द्याल, उद्या तो दुसऱ्या कोणाला देईल, परवा एखादा कारखाना यंत्राच्या हाताला कानस बांधेल आणि तुमच्या कानाने दिवसाला शेकडो घोड्या घासेल. गायकाला तंबोरा हवा असतो, मिरज नको असते. गल्लीतल्या पोराबाळांनी मग काय करायचे? निघताना त्यांनी जरा डिवचलेही: “चाचा, कानाचं दान करताय, पुण्य लागेल. पण हात आमचे जाणार आहेत, तेवढं लक्षात असू द्या.”

या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. शमशुद्दीन त्यांना दारापर्यंत सोडून आले.

कमरुद्दीन यांचा तंबोरा मांडीवर घेऊन ते काही दिवस नुसते बसून राहिले. घोडीवर जिथे नख टेकले होते तिथे कानस लावायची त्यांची इच्छा होईना. कुतूहल मात्र स्वस्थ बसू देईना. त्यांनी तहसीनकडून त्या प्रणालीत ज्यांनी ज्यांनी काही घातले त्यांची नावे वाचून घेतली. कोणी घंटा ओतणारा होता, कोणी बहिऱ्या मुलाचा बाप होता, कोणी आपले नावही न देणारा. नावे पुष्कळ होती. त्यांनी मध्येच हात वर करून थांबवले. यांतल्या कोणाच्या वडिलांनी शब्द घेतला नसेल काय, असा विचार त्यांच्या मनात आला.

जेवताना ते पत्नीला म्हणाले, की अब्बांना दिलेला शब्द मोडायचा तर वर गेल्यावर तोंड कसे दाखवू? जैबुन्निसांनी भाकरी तव्यावरून उतरवली आणि मग बोलल्या. सासऱ्यांची सेवा त्यांनीच केली होती; शेवटच्या दिवसांतले त्यांचे बोलणे जैबुन्निसांच्याच कानांवर पडत असे.

“अब्बाजान मला काय म्हणायचे, सांगू? थोरल्याला भोपळा कळत नाही, धाकट्याला जवारी येत नाही. असंच राहू दे, म्हणजे पोरं वेगळी होणार नाहीत. एकाशिवाय दुसऱ्याचा तंबोरा पुरा व्हायचा नाही.” त्यांनी भाकरी नवऱ्याच्या ताटात वाढली. “तुम्ही शब्द राखलात. आणि भाऊ गल्लीच्या टोकाला बसलाय.”

शमशुद्दीन यांनी घास हातातच ठेवला. हे आजवर का सांगितले नाहीस, असे विचारावेसे त्यांना वाटले. पण उत्तर त्यांना माहीत होते. त्यांनी कधी विषयच काढू दिला नव्हता.

दुपारच्या नमाजानंतर ते तंबोरा खांद्याला टेकवून गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे निघाले. सोबत तहसीन होती, तिच्या पिशवीत दुसरी पेटी. मौलालीसाहेब आपल्या दारातून पाहत होते. शमशुद्दीन यांनी त्यांना थांबून सलाम केला आणि पुढे चालू लागले.

कमरुद्दीन यांच्या दुकानात बसायला जागा नव्हती, सगळीकडे भोपळे. तहसीनने उभ्यानेच उपकरणे जोडली. कान मोजले गेले, यंत्रे बसली. मग शमशुद्दीन म्हणाले, “घे. माझी काही अट नाही. पुढे कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ते तू ठरव.”

“अब्बांचा शब्द?”

“अब्बांना उत्तर मी देईन.”

कमरुद्दीन यांनी मान खाली घातली. मग आपली कानस पुढे करून ते म्हणाले, की भाईजान, घोडी तुम्हीच घासा. मी नुसतं ऐकतो. आणि शमशुद्दीन यांनी त्या दुकानात प्रथमच कानस हाती घेतली.

कमरुद्दीन यांनी तो कान स्वतःपाशी ठेवला नाही. त्यांनी तहसीनला तो सामाईक फळ्यावर ठेवायला सांगितले. जे आपल्याला मागूनही मिळत नव्हते ते अडवून ठेवण्याचा धीर त्यांना झाला नाही. मौलालीसाहेबांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे ठरले. दूरच्या एका शहरात खरोखरच यंत्राने घोड्या घासल्या जाऊ लागल्या, आणि स्वस्त तंबोऱ्यांचे काम गल्लीतून गेले. दोन दुकाने बंद पडली. मौलालीसाहेबांचा मुलगा फर्निचरच्या कामाला लागला. शमशुद्दीन त्यांच्या घरी गेले, तेव्हा चहा मिळाला. संभाषण मिळाले नाही. दुसरीकडे, कान गेल्यामुळे घरी बसलेले कितीतरी वृद्ध कारागीर, तंजावरपासून लखनौपर्यंतचे, पुन्हा कामाला बसले. हे लाभाचे आणि हानीचे पारडे कोणत्या बाजूला झुकले, ते शमशुद्दीन यांना सांगता येत नव्हते, आणि सांगता येते असे ढोंगही त्यांनी केले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तहसीन एक बातमी घेऊन आली. फळ्यावर ठेवलेल्या अब्बांच्या कानात कोणीतरी दुरुस्ती सुचवली होती. अशा दुरुस्त्या अधूनमधून येत. मूळ धन्याने ऐकून पाहायच्या, पटल्या तर स्वीकारायच्या, असा तेथला रिवाज होता. आजवरच्या बहुतेक शमशुद्दीन यांनी हसून नाकारल्या होत्या. ही कोणाची, त्यांनी विचारले. तहसीन म्हणाली, आधी ऐका.

ती दुरुस्ती पेटीत उतरवून तिने तंबोरा छेडला. तो शमशुद्दीन यांनी स्वतःच नुकताच सिद्ध केलेला होता आणि त्यांच्या मते त्यात उणे काही नव्हते. प्रथम त्यांना फरक वाटला नाही. मग खर्जाच्याही खाली, जिथे त्यांच्या मते काहीच नसते, तिथे त्यांना काहीतरी हलताना ऐकू आले. तो तारेचा ध्वनी नव्हता. भोपळ्याच्या पोटातली हवा होती ती. खोल, संथ, आणि एका जागी किंचित अडखळणारी. भोपळा एका बाजूला जाड राहिला होता. आणि ते अडखळणे झाकण्यासाठी आपण घोडीचा बाक नकळत वाकडा केला आहे, हेही त्यांच्या ध्यानात आले. बरोबर म्हणून जिथे त्यांचा हात थांबला होता, तिथे तो एका दोषावर पांघरूण घालून थांबला होता. असे त्यांनी आयुष्यभरात किती तंबोऱ्यांना केले असेल?

त्यांनी पुन्हा छेडायला सांगितले. पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर खेद नव्हता. अनोळखी पक्ष्याची शीळ ऐकून लहान मूल जसे जागच्या जागी थबकते, तसे ते बसले होते. मग उठून तडक गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

कमरुद्दीन एका भोपळ्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करून कान लावून बसले होते. इतके महिने त्यांची पेटी हीच टकटक ऐकत होती. कोणता भोपळा त्यांनी ठेवला, कोणता बाजूला सारला, हे शिकत होती.

“कमरू,” शमशुद्दीन म्हणाले, “हे खालचं, भोपळ्याच्या आतलं, तुला पहिल्यापासून ऐकू येतं?”

“येतं की.”

“माझ्या तंबोऱ्यांतही?”

“तुमच्या तंबोऱ्यांत जास्तच, भाईजान.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

कमरुद्दीन यांनी भोपळा मांडीवरून खाली ठेवला. “तुम्ही विचारलंत कधी?”

शमशुद्दीन यांनी भोपळे सारून भावाशेजारी जागा केली आणि ते खाली बसले. मागोमाग येऊन दारात उभ्या राहिलेल्या मुलीला त्यांनी तिथूनच सांगितले, की दुरुस्ती स्वीकार, आणि धन्याच्या नावाच्या जागी दोघांची नावे घाल. मग त्यांनी समोरचा भोपळा उचलला, पेर टेकवले, आणि भावाला विचारले, की आता सांग, यात काय ऐकायचे असते.

त्या दोघांना एकमेकांचे ऐकत राहण्याएवढे आयुष्य लाभो. ज्या दूरच्या बाईने न मागता त्यांच्यासाठी चार ओळी लिहिल्या, तिच्या गावच्या वाद्याचा सूर तिच्यापाशी अखेरपर्यंत टिको. ज्या हातांचे काम या दानामुळे गेले, त्यांना त्यांच्या कौशल्याला शोभेल असे दुसरे काम मिळो, आणि त्यांच्या मनातला सल काळाच्या ओघात निवळो. ज्यांच्या कानांवर आज शांतता दाटून आली आहे त्यांच्याशी, कोणत्या का होईना मार्गाने, कोणीतरी हळू आवाजात बोलो.